कडूबाची कोंबडी आणि शेटजींचा टीव्ही

दैवशाला मॅडमचा वर्गात एक नियम आहे. जे खिडकीतून दिसतं, ते टीव्हीवर लावायचं नाही.

हा नियम तिला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नाही. तो एका गायीमुळे सुचला.

टेंभुर्णीवरून आत वळलं की तिची शाळा लागते. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तिसरी-चौथी तिच्याकडे. गेल्या दिवाळीनंतर जालन्याच्या मूलचंद शेटजींनी शाळेला मोठा टीव्ही दिला. वडिलांच्या स्मरणार्थ. टीव्हीच्या खाली वडिलांचा पगडीतला फोटो पक्का बसवून दिला. फोटोतले आजोबा पोरांकडे असे रोखून बघत की पहिल्या दिवशी वर्गात कुणी शिंकलंसुद्धा नाही.

जाताना शेटजी म्हणाले, "मॅडम, वापर झाला पाहिजे बराबर. मी येऊन बघीन. नुसता झाकून ठेवलेला दिसला तर उचलून कुंभार पिंपळगावला देईन. ते लोक मागूनच राह्यले."

दैवशालानं ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी गायीची चित्रफीत लावली. पडद्यावरची गाय दोन पायांवर नाचत होती आणि स्वतःची माहिती गाऊन सांगत होती. तेवढ्यात खिडकीशी शेजारच्या कडूबाची खरी गाय येऊन उभी राहिली. तीही बघू लागली. पोरं एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे.

"मॅडम," राजनंदिनी म्हणाली, "टीव्हीतली गाय खोटी हाय."

"कशावरून गं?"

"इतक्या वेळात एकबी माशी हाकलली न्हाई."

राजनंदिनी तेव्हा तिसरीत होती. तिच्यापुढे मोठमोठ्यांचं काही चालत नाही. खिडकीतल्या गायीनं शेपूट मारून एक माशी हाकलली आणि निघून गेली. दैवशालानं टीव्ही बंद केला. तेव्हापासून तो नियम.

नियम झाला, पण आता दाखवायचं काय? खिडकीतून तर सगळंच दिसत होतं. शेत दिसत होतं, झाड दिसत होतं, कडूबा तर दिवसभर दिसत होता. टीव्हीवर भरतकामाचं झाकण आलं. दैवशालाला स्वप्नात कुंभार पिंपळगावचा टेम्पो दिसायला लागला.

टीव्हीचं खोकं मात्र व्हरांड्यातच होतं. ते फेकलं तर गॅरंटी जाते, असं गावात ठाम मत होतं. थंडीत एक दिवस कडूबाची कोंबडी त्या खोक्यात शिरली आणि अंड्यांवर बसली. कडूबाचं घर शाळेला लागूनच. तो कोंबडी उचलायला आला. तिनं त्याच्या हाताला अशी चोच मारली की तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम. शाळेतच शिकू द्या तिला."

पोरांनी खोक्याभोवती गराडा घातला.

"मॅडम, आत पिल्लू आत्ता काय करून राह्यलं?"

दैवशाला उत्तर द्यायला गेली आणि थांबली. हे खिडकीतून दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना कडूबाच्या गोधड्या लागल्या. वर्गात अंधार झाला. चपलांच्या खोक्याला एक भोक पाडलं. खोक्यात एका फोनचा टॉर्च लावून ठेवला. भोकावर अंडं. वर दोन विटांच्या आधारानं दैवशालाचा फोन, आणि फोनपासून टीव्हीपर्यंत वायर. कोंबडीखालून अंडं काढायचं काम कडूबाकडे. तो डोक्यावर टोपलं घालून गेला, शिव्या देत परत आला, पण अंडं आणलं.

टीव्हीवर अंडं टरबुजाएवढं झालं. लालसर उजेड. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा. आणि मध्ये एक काळा ठिपका. ठिपका हलत होता. थांबत नव्हता.

वर्ग इतका गप्प झाला की गोधडीमागची चिमणी ऐकू आली.

"ते काय हाय?" कुणीतरी कुजबुजलं.

"त्याचं काळीज," दैवशाला म्हणाली. तिचंही तेव्हा जरा जोरात चाललं होतं.

अंडं गार व्हायच्या आत कडूबा टोपलं घालून परत ठेवून आला. पोरांनी वह्यांत चित्रं काढली. एक-दोन दिवसांआड अंडं टीव्हीवर यायचं. ठिपका वाढला की पोरं घरी जाऊन सांगायची. गावात लोक एकमेकांना विचारू लागले, "आज केवढं झालं?" टीव्हीचं झाकण कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मग शेटजींचा फोन आला. उद्या येतो. आईपण सोबत आहे.

दैवशालाला एकदम आठवलं. शेटजींचं घर जैन. त्यांच्या घरात अंडं हा शब्द बाजाराच्या पिशवीतूनसुद्धा येत नाही. आणि त्यांच्या वडिलांच्या पगडीवर, फूटभर अंतरावर, टरबुजाएवढं अंडं!

"उद्या पाढे लावायचे," तिनं पोरांना बजावलं. "अंड्याचं नाव काढायचं न्हाई. कळलं?"

"कळलं!" सगळी ओरडली.

शेटजी आले. मागे काठी टेकत त्यांच्या आई, चंदनबाई. टीव्हीवर पाढे चालू होते. कुणी बघत नव्हतं. शेटजींनी नेमकं राजनंदिनीलाच विचारलं, "बेटा, यावर रोज काय बघतेस?"

राजनंदिनीनं मॅडमकडे बघितलं. मग फोटोतल्या आजोबांकडे. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"अंडं," ती म्हणाली.

शेटजींचा चेहरा आजोबांसारखा झाला. दैवशालाला टेम्पोचा आवाज आला. खरंच आला. तो शेटजींच्याच ड्रायव्हरनं उगाच सुरू केलेल्या गाडीचा होता.

"कसलं अंडं?" चंदनबाईंनी विचारलं. "दाखव मला."

आता लपवून काय करणार? गोधड्या लागल्या. कडूबा टोपलं घालून गेला. टीव्हीवर अंडं आलं. आत पिल्लू आता चांगलं वळवळत होतं.

चंदनबाई उठून पडद्याशी गेल्या. मग त्यांनी हात जोडले.

"मूलचंद," त्या म्हणाल्या, "जीव कसा लपून बसलाय बघ. इतकी प्रवचनं ऐकली, दिसला आज." आणि मागे वळल्या. "ही कोंबडी कुणाची?"

"माझी, माँजी," कडूबा छाती काढून पुढं आला.

"पिल्लं मोठी झाली की काय करतोस?"

"आखाडात मस्तपैकी..." कडूबानं सुरुवात केली. दैवशालानं त्याच्या पायावर पाय दिला. "...फिरायला सोडतो," कडूबा म्हणाला.

चंदनबाई सत्तरीच्या आहेत, पण त्यांचे कान तरुण आहेत. त्यांनी कडूबाला टीव्हीपाशी नेलं. आजोबांच्या फोटोवर त्याचा हात ठेवला.

"म्हण. यातल्या एकालाही सुरी लावणार न्हाई. कोंबडीलाही न्हाई."

कडूबानं मॅडमकडे बघितलं. पोरांकडे बघितलं. त्यांचा टीव्ही त्याच्या तोंडात अडकला होता.

"न्हाई लावणार," कडूबा रडवेल्या आवाजात म्हणाला.

"टीव्ही इथंच राहील," चंदनबाई म्हणाल्या. त्या घरात त्यांच्यानंतर कुणी बोलत नाही.

पिल्लं निघाली. तेव्हापासून दर शनिवारी चंदनबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. टीव्हीवर त्या, आणि टीव्हीसमोर कडूबा, एकेक पिल्लू वर धरून दाखवणारा. एकदा मुंगसानं एक पिल्लू नेलं. कडूबानं घाबरून शेजारचं उचलून आणलं.

"याच्या पंखावरचा पांढरा ठिपका कुठं गेला?" पडद्यावरून प्रश्न आला. पोरांनी प्रत्येकाचे फोटो आधीच पाठवले होते. कडूबाला मुंगसाची गोष्ट नीट सांगावी लागली, दोनदा.

यंदाच्या आखाडात कडूबा शाळेच्या पायरीवर बसून होता. समोर त्याचे कोंबडे फिरत होते. तुकतुकीत, गलेलठ्ठ, कुणाला न भिणारे. एक त्याच्या चपलेवर येऊन उभा राहिला. घराघरांतून रश्श्याचा वास येत होता.

"मॅडम," कडूबा म्हणाला, "तुमच्या टीव्हीनं माझा आखाड खाल्ला."

दैवशाला हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं आठवडे बाजारातून फोनला लावायचं एक छोटं भिंग आणलं आहे. त्यातून दिसणारं सगळं टीव्हीवर येतं. सोमवारी तिला कांद्याची पातळ साल दाखवायची आहे.

चंदनबाई कांदाही खात नाहीत. शनिवारच्या कॉलमध्ये राजनंदिनीच्या तोंडाला काय बांधावं, याचा विचार चालू आहे.