आधी लोखंडाला हात

कोणताही लॅपटॉप उघडण्यापूर्वी तो आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या लोखंडी शटरच्या कडेला उजवा हात टेकवत असे. क्षणभर थांबे, आणि मग स्क्रू काढायला घेई. प्रथम पाहिले तेव्हा मला ती प्रार्थना वाटली. वसई गावातल्या ख्रिस्ती वाडीत वाढलेला माणूस, कामाआधी देवाचे स्मरण करत असेल, असे मी परस्पर ठरवून टाकले. तिसऱ्या खेपेस न राहवून विचारलेच, तेव्हा तो हसला.

"देव नाही काका, करंट. आपल्या अंगावर थोडी वीज बसलेली असते. ती आधी लोखंडात सोडायची, मग मेमरीला हात लावायचा. नाहीतर आपल्याला काहीच कळत नाही आणि समोरचं जळून जातं."

हे मी घरी सांगितले, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तुम्हीही पत्र लिहायच्या आधी खिडकीच्या गजाला हात लावत जा."

मी एका सॉलिसिटरच्या कचेरीत चौतीस वर्षे मुख्य कारकून होतो. निवृत्तीनंतर पत्रे लिहितो. सोसायटीच्या रखडलेल्या हस्तांतरणाविषयी, वजनात मारलेल्या साखरेविषयी, कुलूपबंद सार्वजनिक शौचालयाविषयी. ही सारी पत्रे एका बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये आहेत. तो पुढे पुढे इतका मंद झाला की एक फाइल उघडेपर्यंत माझा राग निवू लागला, आणि हे मला परवडणारे नव्हते. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, फेका तो, नवीन घ्या." चालू वस्तू फेकायला सांगणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, मग तो पोटचा का असेना. हल्लीच्या कित्येक यंत्रांत मेमरी बोर्डालाच डाख देऊन पक्की करून टाकतात, म्हणजे ती वाढवायची सोयच नाही. बिघडले की सगळे फेका. हा ग्राहकावर दिवसाढवळ्या घातलेला दरोडा आहे, आणि तसे मी योग्य त्या ठिकाणी लेखी कळवलेले आहे.

माझ्या जुन्या यंत्रात मात्र मेमरीची पट्टी बदलता येत होती. एका संकेतस्थळावरून मी सर्वांत मोठी पट्टी मागवली. ती बसेना. मी विक्रेत्याला पाठवायची तीन पानी नोटीस तयार केली, आणि लॅपटॉप व पाकिटासकट पट्टी पुरावा म्हणून पिशवीत घालून नोटिशीच्या प्रती काढायला न्यायालयाच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. शेजारचे, जेमतेम दोन टेबलांचे दुकान त्याचे होते. झेरॉक्सवाल्या बाईंनीच मला तिकडे ढकलले. "आधी ह्याला दाखवा हो काका, मग भांडा."

त्याने माझी पट्टी उजेडात धरली.

"काका, जोर नाही ना लावलात?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"कायद्याच्या मर्यादेत."

पंचेचाळिशीचा तो माणूस खांदे हलवून हसला. मग माझ्या लॅपटॉपमधली जुनी पट्टी काढून त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. "खाच बघा. हिची इथे, हिची तिथे. तुमचं मशीन तिसऱ्या पिढीचं, ही चौथ्या पिढीची. जन्मात बसणार नाही. आणि विकणाऱ्याने पाकिटावर लिहिलंय तसं, मोठ्या अक्षरात."

मी त्या विक्रेत्याच्या परताव्याच्या सर्व अटी, तळटीपांसकट, वाचल्या होत्या. पाकीट वाचले नव्हते.

त्याच्याकडे नानकटाईचा एक जुना पत्र्याचा डबा होता. मेलेल्या लॅपटॉपांतून काढलेल्या, तपासून पारखलेल्या पट्ट्या त्यात कागदाच्या घड्यांत ठेवलेल्या असत. त्यातून चार जीबीची एक निघाली. मी म्हणालो, "मोठी द्या." त्याने मान हलवली. "तुमचं मशीन आठच्या वर मोजतच नाही. चार आहेत, चार घाला, झाले आठ. जास्त घेऊन काय करणार, लोणचं?" दर नव्या पट्टीच्या पावपट होता. जुन्या मालाची हमी काय, असे मी विचारले आणि ती लेखी मागितली. त्याने पावतीच्या पाठीवर लिहून दिले, "चालली नाही तर आणा. मी इथेच आहे."

यात मुदत नव्हती, अधिकारक्षेत्र नव्हते. इतकी ढिसाळ हमी मी आयुष्यात पाहिली नव्हती. तरीही लॅपटॉप पळू लागला.

पंधरा दिवस पळाला. मग एकदा रिक्षातून आणताना आदळला, आणि चालू करताच तीनदा टीं टीं करून काळा पडला. मी दुकानावर गेलो तर शटर बंद. मंगळवार होता. शुक्रवारी दुपारी गेलो, पुन्हा बंद. घरी येऊन मी हाताने, स्वच्छ अक्षरात, नोटीस लिहिली. मुद्दा एक, सदोष वस्तू. मुद्दा दोन, अपुरी हमी. मुद्दा तीन, मंगळवारी व शुक्रवारी दुपारनंतर विनाकारण दुकान बंद ठेवून ग्राहकाची केलेली गैरसोय. रजिस्टर पोस्टाने पाठवली.

"चालत सात मिनिटांवरच्या माणसाला रजिस्टर?" सौभाग्यवती म्हणाल्या.

"पोच मिळते."

पोच मिळाली त्याच संध्याकाळी तो स्वतः दारात उभा राहिला. शर्टाच्या खिशात माझी नोटीस होती. आत येऊन त्याने खिडकीच्या गजाला हात टेकवला, लॅपटॉप उलटा केला, पट्टी काढली, पुन्हा बसवली. टक् असा आवाज आला. पडदा उजळला. अर्धे मिनिटही लागले नसेल.

"सैल झाली होती. आता ह्याला मांडीवर घेऊन रिक्षात बसा, नातवासारखं." मग खिशातला कागद काढून म्हणाला, "काका, कसलं मराठी लिहिता! घरी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिला वाटलं बिशपांचं पत्र आलं."

चहा आला. "अर्धाच कप, काकू. मला मोजून प्यायचं असतं." मला वाटले, वजनाची चिंता असेल. पहिल्या दोन मुद्द्यांचे त्याने तोंडी निराकरण केले. तिसऱ्याविषयी तो काही बोलला नाही, आणि मी ते त्याच्या अपराधाच्या कबुलीत जमा केले.

त्यानंतर माझे तिकडे जाणे वाढले. ती नोटीस त्याने टेबलामागच्या फळीवर चिकटवली होती. गिऱ्हाइकांना दाखवून म्हणे, "हे आमचे नोटीसवाले काका." तुम्हीही असे लोक पाहिले असतील, आपल्यावरचा आरोप बक्षिसासारखा भिंतीवर लावणारे. मी मात्र तोवर पाहिले नव्हते.

एकदा दुकानात कोणी नसताना त्याने विचारले, "काका, रागाशिवाय पत्र लिहिता येतं का हो?"

त्याचा धाकटा भाऊ परदेशात होता. वडिलांच्या वाडीच्या वाटणीवरून दोघांत बिनसले, त्याला अकरा वर्षे झाली होती. फोन केला की दोन वाक्यांत आवाज चढे आणि कोणीतरी ठेवून देई. आता त्याला भाऊ यायला हवा होता, आणि लवकर. "आईसाठी?" मी विचारले. त्याने बाही वर सरकवली. कोपराच्या आत शीर दोरखंडासारखी फुगली होती आणि तिच्यावर दोन चिकटपट्ट्या होत्या. "आईसाठीपण. मंगळवार-शुक्रवार मशीनवर असतो मी. रक्त धुवायला. डॉक्टर आता फार काही बोलत नाहीत."

मी घरी आलो आणि त्याला रजिस्टर पोस्टाने दुसरे पत्र पाठवले. त्यात एकच ओळ होती. मुद्दा क्रमांक तीन मी बिनशर्त मागे घेत आहे. त्याने ते पहिल्याच्या शेजारी चिकटवले.

मग भावाच्या पत्राला लागलो. पहिला मसुदा वाचून तो म्हणाला, "हा तर जप्तीचा हुकूम झाला." दुसऱ्यात मी दोघांचे वारसाहक्क नीट मांडले होते. त्याने कागद परत सरकवला. "बरोबर आहे सगळं. पण त्याच्यात बसणार नाही काका. खाच वेगळी आहे."

मी चिडलो. "मग तूच सांग, मी नुसते टंकतो."

तो शटरकडे पाहत बोलू लागला, आणि त्यानेच जिवंत ठेवलेल्या लॅपटॉपवर मी ते उतरवून घेतले. विहिरीचं पाणी अजून गोड आहे. तू लावलेला फणस दोन वर्षं धरतोय. आईला फोनवर ऐकू येत नाही, समोर बसलं की येतं. माझी तब्येत बरी नाही. वाटणी तुला हवी तशी कर. मी इथेच आहे.

शेवटी "पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित" ही ओळ मी सवयीने घातली होती. त्याने पडद्यावर बोट ठेवले. मी ती खोडली. आयुष्यात प्रथमच मी मुदत न घालता पत्र पाठवले.

उत्तर आले की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यातच माझे गुडघे दुखावले आणि अडीच महिने घराबाहेर पडता आले नाही. पुढे एका बुधवारी गेलो, तर शटर बंद. बुधवारी ते कधीच बंद नसे. झेरॉक्सवाल्या बाईंनी मला स्टूल दिले आणि पाणी दिले, तेव्हाच समजले.

"रविवारी गेला हो काका. चर्चात मिस्सालापण किती माणसं! निम्मी तर लॅपटॉपवाली."

आठवड्याने आमच्या दारात एक माणूस आला. हसताना खांदे हलवायची तीच लकब. मी नाव विचारले नाही.

"पाकिटावर पत्ता वकिली थाटात लिहिलेला," तो म्हणाला. "दोन दिवस उघडलंच नाही. वाटलं, दादाने केस टाकली. मग विहिरीचं वाचलं आणि तिकीट काढलं. दोन महिने मिळाले आम्हाला, काका. मंगळवार-शुक्रवार मीच न्यायचो त्याला."

त्याने एक कागदी घडी माझ्या हातात ठेवली. "ह्या पट्ट्या आता मिळत नाहीत, दादा म्हणाला. डबा दुसऱ्या दुकानात दिला, ही मात्र बाजूला काढून ठेवलेली." घडीवर पेन्सिलीने लिहिले होते, "नोटीसवाले काका. चार जीबी, तिसरी पिढी. पहिली गेली तर."

गेल्या महिन्यात पहिली गेली. पुन्हा तीन वेळा टीं टीं झाले आणि पडदा काळा पडला. मी कपाटातून पावती काढली. "चालली नाही तर आणा. मी इथेच आहे." हमीचा स्पष्ट भंग झालेला आहे. चौतीस वर्षे मी भंगाच्या नोटिसा लिहिल्या, पण ही कोणाच्या पत्त्यावर पाठवायची ते मला उमजेना. मग मी ती घडी उलगडली.

सौभाग्यवतींनी स्क्रू बशीत काढून ठेवले. मी पट्टीला हात घालणार, तोच त्या म्हणाल्या, "अहो, आधी गज."

मी खिडकीच्या गजाला हात टेकवला. एक क्षण पुरतो, असे तो सांगत असे. मी जरा जास्त वेळ ठेवला.