अक्काच्या लुगड्यावरचा हळदीचा डाग

आमच्या घरातून शिबिराला गेलेली पहिली मुलगी मी. त्याचं श्रेय माझं नाही, माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. साठ साल अजून उजाडायचं होतं. तंजावरच्या आमच्या शाळेनं उन्हाळ्यात तिरुवैयारूजवळ कावेरीकाठी मुलींचं शिबिर काढलं. अप्पा नकोच म्हणत होते. अक्का दोन दिवस त्यांच्याशी भांडली, तेव्हा कुठे "काय करायचें तें करा" म्हणाले.

शेवटच्या कार्यक्रमाला पांढरं लुगडं हवं होतं. घरात तसं एकच होतं, तेही अक्काचं, आणि सोमवारी तेच नेसून तिला शिक्षिकेच्या मुलाखतीला जायचं होतं. अप्पांची तब्येत ढासळलेली. सगळ्या घराचे डोळे त्या नोकरीकडे लागलेले. तरी तिनं ती घडी माझ्या पेटीत ठेवली. "जपून नेस गे. दुसरें नाही," एवढंच म्हणाली.

मी जपलं कसलं! शनिवारी कार्यक्रम झाला, आणि जेवताना ओगराळंभर सांबार थेट माझ्या पदरावर सांडलं.

रविवारी सकाळी लुगडं घेऊन मी नदीत गेले. नदीत म्हणजे वाळूत. त्या दिवसांत कावेरी कोरडीच. वाळूत हात-दोन हात खणलं की पाणी झिरपायचं, त्या झिऱ्यांवरच आमचं सगळं चालायचं. मी डागाला साबण फासला आणि पिवळा डाग बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. आणखी साबण लावला, तर आणखी लाल. आगीतून फुफाट्यात! मी तिथंच बसून भोकाड पसरलं.

पलीकडच्या झिऱ्यावर एक धोबीण गावाचं धुणं धूत होती. ती उठून आली, डाग पाहिला आणि हसलीच. "बयप्पडादे कण्णु," म्हणाली. घाबरू नको बाळ, साबण लागला की हळद अशीच चिडते. तिनं पदर स्वच्छ पाण्यात खळबळून काढला. लाली गेली, पिवळं राहिलं. ते काढणं माझ्या हातात नाही, उन्हाच्या हातात आहे, असं तमिळमध्ये सांगून तिनं पदर वाळूवर अंथरला आणि तो सुकत आला की पाणी शिंपडायला मला चंबू देऊन बसवलं.

दुपारी वाळू अशी तापली की मी एका पायावरून दुसऱ्यावर नाचू लागले. तिनं दोन काठ्यांवर एक ओली चादर टांगून मला सावली केली. कुणाच्या घरची चादर होती कोण जाणे. स्वतः मात्र उन्हातच धूत राहिली. आमच्या घरी धुणं द्यायला येणारी बाई अंगणाच्या आत कधी आली नव्हती. त्या सावलीत बसल्यावर मला ते आठवलं आणि फार लाज वाटली.

ऊन कलेपर्यंत डाग गेला होता. तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण मैत्रिणींसमोर धीर झाला नाही. आज पडले असते.

घरी अक्कानं घडी उलगडली. डाग नव्हता, पण दिवसभर ऊन खाल्लेली तेवढीच जागा बाकीच्या लुगड्यापेक्षा पांढरीशुभ्र झाली होती. "एवढेंच उजळ कसें गे?" तिनं विचारलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. ती खो खो हसत म्हणाली, "मग सगळ्या लुगड्यावर सांडून घ्यायचें कीं!"

सोमवारी ती तेच नेसून गेली. नोकरी मिळाली आणि पुढं कित्येक वर्षं आमचं घर त्या नोकरीवर चाललं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शिबिर निघालं. मी घरात अवाक्षर काढलं नाही. कुठल्या तोंडानं काढणार? एके दिवशी शाळेतून आले तर माझी पेटी भरून तयार होती. सगळ्यात वर तेच लुगडं होतं, पांढरा डाग दिसेल अशी घडी घातलेलं.