बँडमास्तरांनी बिडी सोडली

"तुमी व्हा पुढं," म्हणत आमचे बँडमास्तर क्लॅरिनेट काखेत मारायचे आणि बिडी पेटवायचे. तेवढ्यात नवरदेवाची मिरवणूक चार पावलं सरकायची. तिसगावच्या पंचक्रोशीत नवरदेव मांडवात वेळेवर पोचायचे ते या बिडीच्या कृपेने. मी त्यांच्या मागे ताशा वाजवायचो, त्यामुळे सूर आणि धूर दोन्ही आधी मलाच मिळायचे.

पुढे खोकला असा जडला की गाणं अर्ध्यात सुटायला लागलं. त्यात पोरीचं लग्न ठरलेलं. तिच्या पाठवणीचं गाणं आपणच पुरं वाजवायचं, ही मास्तरांची एकच हौस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिडी सोडा, नाहीतर ते गाणं दुसऱ्या कुणाला सांगा. तलफेवर त्यांनी औषधी च्युइंगम दिलं. थोडं चघळायचं आणि गालात दाबून ठेवायचं. मास्तरांनी ते गालात ठेवूनच वरातीत फुंक मारली. च्युइंगम क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेल्या पत्तीला चिकटलं, क्लॅरिनेटमधून बोकड ओरडला आणि घोडं नवरदेवासकट आल्या वाटेनं परत निघालं.

नंतरचे दिवस काही विचारू नका. मी मोठ्याने श्वास घेतो म्हणूनसुद्धा त्यांनी मला झापलं. नाक उघडलं तशी आणखी पंचाईत झाली. "तुमच्या ड्रेसला इतकी वर्षं ह्यो वास हुता, अन् मला कुनी सांगितलं न्हाई?" असं म्हणून त्यांनी अख्ख्या बँडला कपडे धुवायला लावले. राग ओसरला तर रडू सुरू झालं. परक्या नवरीच्या पाठवणीला तिच्या आईआधी हेच हुंदके द्यायचे, आणि त्या माउलीला यांची समजूत काढावी लागायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, जाईल.

गेलं. खोकलाही गेला. दम मात्र इतका वाढला की मास्तर थांबेनात, मिरवणूक हलेना आणि मुहूर्त टळायला लागले. वऱ्हाडी मला बाजूला घेऊन सांगायचे, एखादी बिडी द्या की त्यांना. मी दिली नाही. माझा जीव होता त्या माणसावर.

आमच्याकडे गाणं संपल्याशिवाय नवरीची गाडी हलत नाही. पोरीच्या पाठवणीला मास्तरांनी डोळे मिटून गाणं पुरं वाजवलं, एकदाही न अडखळता. मग पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग पुन्हा. ड्रायव्हरने गाडी बंद केली. माझे हात भरून आले, पण ताशा थांबवायची छाती होईना. शेवटी पोरच गाडीतून उतरली आणि तिने क्लॅरिनेटवर हात ठेवला.

"आप्पा, जाऊ द्या की आता."

"लई दम हाय गं अजून," मास्तर म्हणाले.