घडीवर कापलेला रणगाडा

मी एकदा एका रणगाड्याचं तोंड अर्धं कापलं होतं. लढाईबिढाई काही नव्हती. कात्री, खाकी कागद आणि नको तितका आत्मविश्वास, एवढाच माझा दारूगोळा. आज मी त्र्याहत्तर वर्षांची शहाणी बाई आहे. तेव्हा अडुसष्टची पोर होते, आणि त्या अल्लड वयात आपल्याला सगळं येतं असं वाटतं.

लेकीकडे आयर्लंडमध्ये, किलकेनीला तीन महिन्यांसाठी म्हणून आले, ते २०२० च्या फेब्रुवारीत. मग विमानं बंद झाली, आणि पुढचा फेब्रुवारी उजाडला तरी मी तिथंच. सांगलीच्या घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. लेक रुग्णालयाच्या लॅबमध्ये. घरी आली की आधी आंघोळ, मग माझ्यापासून लांबच्या खुर्चीत बसून "आई, जेवलीस का?" जावई घरून काम करी, तेही नेमकं स्वयंपाकघराच्या टेबलावर. त्यामुळे कुकरची शिट्टी, मिक्सर, फोडणी सगळं त्याच्या मीटिंगांच्या फटीत बसवायचं. "आई, पाचच मिनिटं हं," असं तो पुटपुटला की मी मोहरीचा चमचा तेलावर धरून उभी. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही हा सरकारी नियम. माझ्या गुडघ्यांचा नियम त्याहून कडक होता. राहता राहिली मागची बाग: अठरा पावलं लांब, अकरा रुंद. रोज मोजायचे. एक पाऊलही वाढली नाही.

कुंपणापलीकडे एक निवृत्त पोस्टमन राहायचे, माझ्याच वयाचे. ते आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघेही बिनलग्नाचे, जन्मभर त्याच घरात. भाऊ सुतार. दुसऱ्या महायुद्धातला एक रणगाडा लहानपणी त्याने रस्त्यावरून जाताना पाहिला होता, आणि म्हातारपणी दोघांनी आणखी दोन दोस्तांना हाताशी धरून तस्साच, अगदी खऱ्या मापाचा, लाकडात बांधायला घेतला होता. मग सुतार आजारी पडला आणि त्याला नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिथल्या शुश्रूषेच्या वृद्धाश्रमात, ठेवावं लागलं. तिथं आत कुणाला सोडत नव्हते. खिडकीच्या काचेतून बघायचं आणि फोनवर बोलायचं. दोस्त पाच किलोमीटरच्या पलीकडचे. मग एकाने आपल्या घरी चाकं केली, दुसऱ्याने धड. वरचा फिरता डबा, ज्यात तोफ बसते तो, पोस्टमनच्या वाट्याला आला. आणि पोस्टमनला सुतारकाम येत नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्याची वाट बघू नका," ते मला कुंपणावरून म्हणाले. "रणगाडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून त्याच्या खिडकीपुढे उभा करायचाय. तो घरी येईल तेव्हा येईलच. पण त्याआधी त्यानं बघायला हवा."

माझं इंग्रजी कामापुरतं, त्यांचं बोलणं भरभर, तरी हे सगळं कळलं. भावाने काढलेला वहीच्या पानाएवढा नकाशा त्यांच्या हातात होता. त्यावरून खऱ्या मापाचे कागद कसे काढायचे, तिथं गाडी अडली होती.

तीस वर्षं शिवणक्लास चालवलेली बाई. माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू. "द्या इकडे," मी म्हटलं.

लेकीनं कपाळाला हात लावला. "आई, तो ब्लाऊज नाहीये."

"मापं ती मापंच," मी म्हटलं. अडुसष्टच्या पोरीला कोण समजावणार?

चार दिवस जावयाच्या टेबलामागची, बैठकीची फरशी माझी. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे काम मागितलं होतं. खाकी कागद, मोजपट्टी, जावयाच्या मीटिंगा, त्यात माझं गुडघ्यावर रांगणं. एकदा तर कॅमेऱ्यात माझी पाठ सरपटत गेली म्हणे. त्याच्या साहेबाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. कागद तयार झाले तसे गुंडाळी करून कुंपणावरून दिले. एकमेकांच्या बागेत पाऊल टाकायचीही तेव्हा बंदी होती, म्हणून त्यांच्या शेडमध्ये काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. फक्त करवतीचा आवाज. मी चहा पीत ऐकायची आणि मनात म्हणायची, बाई गं, परदेशात रणगाडा बेततेस.

पाचव्या दिवशी त्यांनी कुंपणावरून एक फळी वर धरली. डब्याची पुढची बाजू. तिच्या एका काठावर तोफेचं भोक होतं, पण निम्मंच. चंद्रकोरीसारखं.

"हे ग्रँड आहे," ते म्हणाले. तिथली माणसं घर जळालं तरी ग्रँडच म्हणतात. "पण दुसरा अर्धा भाग कुठल्या कागदावर आहे?"

ज्यांनी कधी कापड बेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्लाऊजचा पाठीचा भाग आपण पुरा काढतच नाही. अर्धी पाठ, अर्धा गळा काढायचा, कापडाची घडी घालायची, कागदाची ती कड घडीवर ठेवायची आणि कापायचं. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. माझा हात तीस वर्षं तसाच चाललेला. पुढची बाजू, मागची बाजू, छत, तिन्ही मी अर्धी काढली होती, आणि सवयीने कडेला पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं: घडी. त्यांना वाटलं, ती माझी सही. त्यांनी ती फळ्यांवरही जपून उतरवून घेतली होती.

प्लायवूडची घडी पडत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

मी सांगितलं. त्यांनी फळी खाली घेतली. मग म्हणाले, "शेवटचे दोन तक्ते होते, आता नुसते तुकडे उरलेत. दुकानदार म्हणतो, माल ईस्टरनंतर."

संध्याकाळी लेक म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस."

"आता?"

"आता मला माहीत नाही," मी म्हटलं. लेकीला हे वाक्य माझ्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असेल.

दोन दिवसांनी मी भांडी घासत होते. खिडकीतून दिसलं, पोस्टमन एक दार पाठीवर घेऊन शेडकडे चाललेत. ओठांत चार स्क्रू. जुनं, जाड, खऱ्या लाकडाचं दार. मी तशीच बाहेर गेले.

"छत आणि मागची बाजू तुकडे जोडून होईल," ते स्क्रू हातात घेत म्हणाले. "पुढच्या बाजूच्या उरलेल्या अर्ध्याला सबंध लाकूड हवं, तोफेचा भार तिथं येतो. त्याच्या खोलीचं आहे." दार शेडला टेकवत म्हणाले, "त्याला आता लागणार नाही."

आठवड्यापूर्वी हाच माणूस मला सांगत होता की भाऊ घरी येईल तेव्हा येईलच. त्यांच्या तोंडून ते काढून घेतलं माझ्या अर्ध्या कागदाने. मी आत आले आणि बागेत जायचंच बंद केलं. अठरा गुणिले अकरा पावलंही गेली. दिवसभर करवत ऐकू यायची आणि मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. किल्ली पर्समधून काढायची, बघायची, परत ठेवायची. कुठेतरी पळून जावंसं वाटे आणि पळायला जागा म्हणजे जिना.

एप्रिलमध्ये काउंटीभर, म्हणजे जिल्हाभर, फिरायची मुभा मिळाली. दोस्त आपापले भाग घेऊन आले आणि रणगाडा एकदाचा जोडला. हिरवा रंग, लाकडी तोफ. पुढच्या बाजूला मधोमध उभी सांध, तिच्यावर ओळीने खोटे रिव्हेट, पोलादी पत्र्यावर असतात तसे. लेकीने मला गाडीत घातलं. "नाही येत," मी म्हटलं, तर म्हणाली, "सीटबेल्ट लाव."

नर्सिंग होमच्या आवारात ट्रॉली उभी होती. काचेमागे चाकाच्या खुर्चीत सुतार, गुडघ्यांवर ब्लँकेट, अंगाने निम्मा झालेला. सुताराचे डोळे मात्र निम्मे झाले नव्हते. त्याने रणगाडा डावीकडून उजवीकडे पाहिला, मग पुढच्या बाजूवर थांबला. ते लाकूड त्याने ओळखलं, हे मला लांबूनही दिसलं. पोस्टमन फोनवर काहीतरी सांगू लागले, वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी पाठ फिरवली.

काचेवर टकटक झाली. सुतार माझ्याकडे बोट दाखवत होता; कागद कुणी काढले ते भावाने त्याला आधीच सांगितलं असणार. पोस्टमननी फोन माझ्या हातात दिला. मी "सॉरी" एवढाच शब्द जुळवला होता. म्हाताऱ्याने मला बोलूच दिलं नाही. सावकाश, एकेक शब्द मला कळेल असा सोडत तो जे म्हणाला, ते जसंच्या तसं मराठीत आणते:

"चाळीस वर्षं करकरत होतं ते दार. त्याला सांगा, आता त्या खोलीत टोमॅटोची रोपं ठेव. सकाळचं ऊन तिथंच येतं."