व्हॉल्वमास्तरांचा प्रीॲम्प्लिफायर

व्हॉल्वमास्तरांना उजव्या कानानं ऐकू येत नसे. गाण्याच्या यंत्रांचं साऱ्या वऱ्हाडात ज्यांना सर्वांत जास्त कळायचं, त्यांचा एक कान लहानपणीच्या गोवरात गेला होता. कुणी हळहळलं की ते म्हणत, "रेकॉर्डवर आवाज एकच असते, भोंगाबी एकच. मंग दुसऱ्या कानाले काम काय हाय?" आणि डावा कान भोंग्याकडे करून पुन्हा ऐकायला लागत.

अकोल्याच्या एका शाळेत ते प्रयोगशाळा सांभाळत. शाळा सुटली की घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत. पण जीव सगळा व्हॉल्वच्या, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये. यंत्र सुरू केल्यावर काचेतली तार तांबूस होईपर्यंत ते कुणाला बोलू देत नसत. "तापू द्या त्याले," एवढंच म्हणत.

साठ-एकसष्टच्या सुमाराला मी अमरावतीत वकिली सुरू केली होती. हौसेनं लाँगप्ले रेकॉर्डचा प्लेअर घेतला आणि रेडिओला जोडला, तर गाणारा गोधडीतून गातोय असं वाटे. कुणीतरी मास्तरांचं नाव सुचवलं, म्हणून बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो.

"तुमाले प्रीॲम्प्लिफायर लागते," ते म्हणाले. "सुईतून निघते ती नुसती कुजबुज. ती पयले ऐकणाऱ्यानंच चुकीची ऐकली, तर पुढचा कितीबी मोठ्यानं बोलो, चूकच बोलन."

त्यांनी टेबलावर तीन प्रीॲम्प्लिफायर मांडले आणि प्रत्येकावर एकेक पंचा टाकला. कोणता कुठला, ते सांगितलं नाही. माझीच रेकॉर्ड तिन्हींवर वाजवली. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या रविवारी. घाईनं निवडलेलं त्यांना चालत नसे. पहिल्यात आवाज ठणठणीत होता, दुसऱ्यात गोड. तिसऱ्यात मात्र गाणारी बाई तान घेण्याआधी श्वास घेते, तो ऐकू आला. मी तिसऱ्याकडे बोट केलं.

मास्तरांनी पंचा काढला. यंत्र त्यांनी स्वतः बांधलेलं होतं. पहिलं विलायती होतं. त्यांनी पंच्याची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "एक इच्छा हाय, वकीलसाहेब. एखाद्या मोठ्या हॉलसाठी असं बांधाचं. शेवटच्या रांगेतल्या माणसालेबी हा श्वास ऐकू आला पाहिजे."

पुढची दोन वर्षं ते अधूनमधून अमरावतीला येत, व्हॉल्व तपासत, जेवत आणि परत जात. माझ्या बायकोला ते 'वहिनीबाई' म्हणत आणि स्वैपाक होईतो तिच्याच आवडीची गाणी लावत.

अशाच एका संध्याकाळी रावसाहेब घरी आले. रावसाहेब म्हणजे गावातले बडे वकील. मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो. ते एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्षही होते आणि संस्थेचं सभागृह तेव्हा बांधून होत आलं होतं. मास्तर दुपारीच आले होते, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. रेकॉर्ड संपेपर्यंत रावसाहेब हलले नाहीत.

"विलायती दिसतंय," ते म्हणाले.

"हो. मुंबईहून आणवलं," मी म्हणालो.

का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्यासमोर मला मोठं दिसायचं होतं, एवढंच.

"आमच्या सभागृहाला असंच काही हवंय. आपल्याकडे बांधणारा कुणी मिळेल?"

मी मास्तरांकडे पाहिलं नाही. "इकडे कुठला, साहेब? मुंबईलाच विचारावं लागेल."

"आणि हे कोण?"

"हे अकोल्याचे. रेडिओ दुरुस्त करतात."

मास्तरांनी उठून रावसाहेबांना नमस्कार केला. ते गेल्यावर मास्तरांनी यंत्राचं झाकण काढलं आणि एक व्हॉल्व बदलला. "दुसराबी थकून राहिला," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला बदलू." वहिनीबाईंनी पान वाढायला घेतलं होतं, गाडीची वेळ झाली म्हणून ते निघाले. गाडीला अजून दोन तास होते.

"तुम्ही असं कसं बोललात हो?" बायकोनं विचारलं. मी रेकॉर्ड पाकिटात घालायला लागलो.

त्यानंतर ते आले नाहीत आणि मीही गेलो नाही. कोर्टाच्या कामानं अकोल्याला जाई, पण त्यांच्या गल्लीवरून जाणं टाळी. यंत्र घुमायला लागलं, तरी पत्र टाकलं नाही. सभागृहात मुंबईचं यंत्र बसलं. उद्घाटनाला मी पहिल्या रांगेत होतो.

दीड वर्षानं अकोल्याच्या कोर्टात कळलं, की मास्तर काविळीनं गेले. त्या दिवशी मात्र त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं ओळखलं, बसायला सतरंजी टाकली. मी तिला सगळं सांगितलं. रावसाहेबांना काय म्हणालो, तेही शब्दन् शब्द.

"त्यायनं मले यातलं काईच सांगतलं नाई," ती म्हणाली. "खूप दिवस म्हणत, वकीलसाहेबाच्या मशीनचा एक व्हॉल्व बदलाचा हाय, ते आले की मले आवाज दे. मी शाळेत असलो तं बलावून घे. मंग म्हणनं सोडलं."

ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेला एक व्हॉल्व घेऊन आली. कागदावर माझं नाव होतं.

"न्या," ती म्हणाली. "इथं आता कोन लावनार हाय?"