जमावाचं उदाहरण

इस्त्रीवाल्याचं शिक्षण विचाराल तर चौथी, तीही मास्तरांनी डोळ्यांवर कातडं ओढलं म्हणून. पण ऐकीव अभ्यास म्हणाल, तर गडी बारावीपर्यंत पोचला होता. एकुलती एक लेक शाळेतून आली की दुकानातल्या स्टुलावर बसून मोठ्याने पाठ करायची, आणि हा कॉलर, कफ, बाही करत ऐकायचा. तिचा एखादा मुद्दा सुटला की इस्त्री उभी करून म्हणायचा, "काल पाच होते, आज चारच कसे?" लेक करवादायची, "बाबा, परीक्षा माझी आहे की तुझी?" शेजारचा चष्मेवाला तर म्हणायचा, या दुकानातून शर्टसुद्धा शिकून बाहेर पडतात.

उद्या समाजशास्त्राचा पेपर होता. कुटुंब झालं, विवाह झाला, सामाजिक नियंत्रण झालं. राहिला एकच धडा, जमाव. हा धडा निघाला की वर्षभर इस्त्रीवाल्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं. कधी कपडे पोचवायचे असत, कधी पाणी भरायचं असे. आज पळायला वाव नव्हता. समोर बावीस कपड्यांचं गाठोडं होतं आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहणार होतं.

"जमावात माणसाची स्वतःची ओळख पुसली जाते," लेक डोळे मिटून म्हणत होती. "जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते. आधी कोण ओरडलं, पहिला हात कोणी उचलला, हे कोणालाच सांगता येत नाही."

न यायला काय झालं, तो मनात म्हणाला. दुसरं-तिसरं कोण, मीच ओरडलो होतो.

"आणि उदाहरण तर माझ्या घरचंच आहे," लेक म्हणाली. "बाई म्हणतात, पाहण्यातलं उदाहरण लिहिलं की दोन मार्क जास्त. सगळे मारहाणच लिहिणार. मी लिहिते, जमावामुळे एक मुलगी वाचली."

ती मुलगी म्हणजे ती स्वतः. तीन वर्षांची असताना तिला एका धार लावणाऱ्याने उचलून नेलं, बाबाने धावत जाऊन त्याच्या हातून हिसकावून आणलं आणि गल्लीने चोराला बदडला, ही गोष्ट तिला मुळाक्षरांच्या आधीपासून पाठ होती. मैत्रिणींना सांगून झाली होती. सहावीत 'माझे वडील' या भाषणात सांगून तिने पहिलं बक्षीसही आणलं होतं. त्या दिवशी हा टाळ्या वाजवायला गेला आणि हात उचलेनात.

कारण तो धार लावणारा चौदा वर्षं दुकानात येत होता. भूत-बित नव्हे हो, माणूस जिवंतच असेल कुठेतरी. पण त्या दिवशी त्याच्या अंगात होता तसा पिवळ्या चौकड्यांचा शर्ट गाठोड्यात निघाला की इस्त्रीवाला आधी इस्त्री उभी करून ठेवायचा. बाही सरळ करायला आत हात घातला, तर आत दुसरा हात लागेल असं वाटायचं. गरम, मोडका हात. मग डोकं दुखतंय म्हणून तो शर्ट बायकोकडे सरकवायचा. बायकोने याचा कधी छडा लावला नाही. डोकेदुखी कपड्यांचा रंग बघून येते, हे कोणाच्या ध्यानात येणार?

सांगितलं तर लेक गेली. नाही सांगितलं, तर उद्या ती आपल्या हाताने पेपरात खोटं लिहून येणार. त्याने हातातली पँट संपवली, घडी घातली आणि बटण बंद केलं.

"ते नको लिहूस," तो म्हणाला. "तसं झालंच नव्हतं. तू हरवलीच नव्हतीस."

लेक हसली. मग त्याचा चेहरा बघून तिने हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"तुझी आई माहेरी होती. तू दिसेनास, म्हणून माझी पाचावर धारण बसली. तो कोपऱ्यावर चाक फिरवत होता. ठिणग्या बघायला तू त्याच्यापाशी उभी राहायचीस. मी ओरडलो, यानेच नेली. तेवढं पुरलं. दुकानादुकानांतून माणसं धावली. ज्यांना काय झालंय ठाऊक नव्हतं, त्यांनीही हात धुऊन घेतले. मी शटर ओढून पोलिसांकडे जायचं म्हणून मागे आलो, तर या टेबलाखालच्या कपड्यांत तू झोपलेली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. फक्त हा वळसा दुसऱ्याच्या अंगावरून गेला होता.

"मग तू जाऊन थांबवलंस त्यांना," लेक म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, धरूनच चालली होती.

"नाही. मला वाटलं, आता सगळे माझ्यावर उलटतील. मी शटर आतून ओढलं. तुला पोटाशी धरून बसलो. बाहेर आवाज चालू होता."

"किती वेळ?"

"दोन शर्ट होतील एवढा."

मग तिने त्या माणसाचं विचारलं. उजवा हात गेला म्हणे, तो म्हणाला, पुन्हा या बाजूला फिरकला नाही. संध्याकाळी लोक चौकशीला आले, पोरगी मिळाली का म्हणून. हा मिळाली म्हणाला. कुठे मिळाली ते त्यांनीच ठरवलं, याने फक्त नाही म्हटलं नाही. लेकीने पुस्तक मिटलं आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर देऊन ती सरळ दुकानात आली. इस्त्रीवाल्याने सगळ्याची तयारी ठेवली होती. बोलणी खायची, अबोला सोसायचा, वेळ पडली तर पाय धरायचे. ती नेहमीसारखी स्टुलावर बसली.

"जमाव आला होता," ती म्हणाली. "सगळं लिहिलं. शटर ओढल्याचंही."

"बरं केलंस."

"पण शेवट पुस्तकातला नाही लिहिला. जबाबदारी वाटली जाते म्हणतात ना, मग मी माझाही वाटा लिहिला."

त्याला काही उमगेना. "तुझा कसला वाटा? तू झोपली होतीस. तीन वर्षांची होतीस."

"तेव्हा झोपले होते," लेक म्हणाली. "पण नंतर त्याला चोर म्हणत गावभर मीच फिरले ना, बाबा. चांगली जागी होते."

चौदा वर्षं आपण एकट्यानेच ओझं वाहिलं असं तो समजत होता. ती चिडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.