बाकाची डावी कड

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या बसस्टॉपवर ती रोज सकाळी बाकाच्या डाव्या कडेला बसलेली असायची. अंगात सफाईचा निळा गणवेश, मांडीवर शंभरपानी वही आणि पाय सारखा हलता. वही उघडायची, पुटपुटायची, मिटायची, बस दिसते का बघायला उठायची आणि परत तिथेच बसायची. शेजारी बसून माझाही पाय हलायला लागायचा.

एकदा तिने वहीच माझ्यापुढे धरली. "ताई, बघा ना जरा. शनिवारी सुपरवायझरचा इंटरव्ह्यू आहे, इंग्लिशमधून."

क्लासच्या बाईंनी वाक्यं करायला दिली होती. इन माय रूम, ऑन माय टेबल, विथ माय फ्रेंड्स. हिने प्रत्येक 'माय' खोडून 'अवर' केलं होतं.

"असं का?"

"आमच्याकडे माझं म्हटलं ना, की सासू विचारायची, वेगळी चूल मांडलीस काय गं? आणि खोटं कशाला लिहू? एकटीचं काय आहे, सांगा."

"बॅग?" मी म्हटलं. तिने ती उघडून दाखवली. सासूच्या गोळ्या, नवऱ्याचा दुरुस्तीला द्यायचा चष्मा, मुलीच्या झेरॉक्स. ऑफिसात पोचेपर्यंत मीही माझं एकटीचं काहीतरी शोधत राहिले. सापडेना.

शुक्रवारी मी आधी पोचले आणि नकळत डाव्या कडेला टेकले. ती येऊन समोर उभी राहिली. पाय अजिबात हलत नव्हता.

"मॅडम, यू आर सिटिंग इन माय प्लेस."

मी उठले. ती बसली, आणि त्या दिवशी तिने वही उघडलीच नाही.